अकरा तास

डिसेंबरात नाही आले.
एप्रिलातल्या एका बुधवारी, पावणेतीनला,
बँकेत अर्धी रजा टाकून, दाढ दुखतेय सांगून.

तोरणाखाली पोलीस खुर्चीत बसून दात कोरत होता.
त्याने मान हलवली. म्हणजे जा.
चपला काढल्या. शेजारी फक्त
एक जोड शाळेचे बूट, मोजे आत कोंबलेले.

आई यायची दरवर्षी, दर्यापूरहून,
चार दिवसांच्या भाकरी, जवसाची चटणी,
पाण्याची कॅन आणि जाऊबाई.
परत गेल्यावर आळीतल्या बाया विचारायच्या,
"कसं हाय वं आत?"
ती म्हणायची, "अकरा तास लागले."
पुढल्या वर्षी, "औंदा तेरा."
आतलं कधी सांगितलंच नाही.
मला वाटायचं, तेरा तास लागतात म्हणजे
आपल्या तालुक्याएवढं असणार.

लहान आहे.
भिंतीपलीकडे समुद्र, नुसता आवाज.
फरशी गार. विझलेल्या मेणबत्त्यांचा वास.
बुटांचा मालक भिंतीला टेकून
लसावि काढत होता.
"इथं गार असतं," तो म्हणाला,
मी काहीच विचारलं नसताना.

हात जोडले. मग काय करायचं कळेना.
मागून कुणी ढकलत नव्हतं.
"चला ताई, सरका पुढं" म्हणणारा
निळ्या टोपीतला पोरगा नव्हता.
बाहेर येऊन घड्याळ पाहिलं.
चार मिनिटं.
दुकानातून काही उचलून
पैसे न देता निघाल्यासारखं झालं.

फेब्रुवारीत जलदानविधी झाल्यावर
तिची पेटी उघडली.
एकवीस पुस्तकं निघाली.
दरवर्षी एक, शिवाजी पार्कातल्या ताडपत्रीवरून घेतलेलं.
तिला वाचता येत नव्हतं.
पहिल्या पानावर विकणाऱ्याकडून नाव टाकून घ्यायची.
एकवीस माणसांची अक्षरं:
पंचफुला तायडे.
पंचफूला तायडे.
घाईत कुणीतरी पंचकुला.
एकाचं वळणदार, खाली दोन रेघा,
लग्नपत्रिकेवर टाकावं तसं.
एका पुस्तकावर माझं नाव आहे. तिचं नाही.
माझं, आणि पूर्ण आडनाव.
सनावळी पाहिली.
हॉस्टेलात मी आडनाव दुसरंच सांगत होते,
ते तिला कळलं, ते वर्ष.
ती काही बोलली नव्हती.
पुस्तकही दिलं नव्हतं.
ठेवून दिलं होतं.

मग मी मुंबईत लागले, माहीमच्या शाखेत.
पाच तारखेला संध्याकाळी कुणीतरी म्हणायचंच,
"उद्या दादरला फिरकू नका हं."
मी पण मान हलवायची, त्या पोलिसासारखी.
तिकडे मैदानात, चालत वीस मिनिटांवर,
मांडवाखाली माझी आई चादर अंथरत असायची.
"रजा नाही मिळत गं."
"राहू दे. पायाला मुंग्या येतात नुसत्या."
जाताना जाऊबाईंच्या पोराबरोबर
दोन भाकरी पाठवायची, फडक्यात.
मी त्या डब्यात घालून न्यायची,
आणि जेवणाच्या सुट्टीत एकटी बसायची.

हे मी आत उभी राहून
सांगणार होते बहुतेक.
चार मिनिटांत होत नाही.

परत फिरले नाही. उलटी चालत गेले,
रस्त्याच्या कडेनं, बंद बंगल्यांवरून,
नारळपाणीवाल्याच्या पुढं,
मैदानाच्या त्या कोपऱ्यापर्यंत,
जिथं कधीतरी रांगेचं शेपूट असेल.
असेल की नाही, मला काय माहीत.
मी कधी पाहिली होती?
मुलं क्रिकेट खेळत होती.
एक चेंडू पायाशी आला, तो दिला.

तिथं उभी राहिले.
ऊन डोक्यावर. पुढं कुणी नव्हतं.
नारळवाला म्हणाला, "कुणाची वाट बघताय?"
"नंबरात आहे," मी म्हणाले.
त्याने इकडं तिकडं पाहिलं,
आणि काय वाटलं कोण जाणे,
आपला स्टूल पुढं सरकवला.

बसले नाही.
एक पाऊल पुढं टाकलं.
थांबले.
पायाला मुंग्या यायला
अजून बराच वेळ होता.